वेगात भरकटणारी मोटार आणि तिच्या लक्षणांची भाषा
(अमरावती-अकोला परिसरातील वापराच्या अनुषंगाने)

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मोटारीच्या दुखण्याविषयी लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्राचे निदान ही पुष्कळ अंशी भाषेवर अवलंबून असणारी क्रिया आहे. गाडी स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने मालक बोलतो व मिस्त्री ऐकतो. मालकाच्या तोंडचा शब्द मोघम असेल तर मिस्त्रीचा हात भलत्याच भागाकडे जातो, पैसे खर्च होतात आणि दोष मात्र तसाच राहतो. हा दोष वेगाशी निगडित असेल तर प्रश्न पैशापुरता राहत नाही, तो जिवावर बेततो. जुनी छोटी मोटार वेगात नीट का चालत नाही, याचे निदान कोणत्या क्रमाने करावे आणि त्यात मराठीतील, विशेषतः वऱ्हाडातील, शब्दांचा कसा उपयोग होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्न आताच का पुढे आला

अमरावती ते अकोला हा सुमारे शंभर किलोमीटरचा मार्ग बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या गावांवरून जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. नव्या क्रमांकरचनेत तो ५३ झाला. या मार्गावरील लोणी ते माना या टप्प्यात ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग घालण्यात आला व त्याची नोंद गिनेस विक्रमांत झाली. दुपदरी मापाने हे अंतर साडेसदतीस किलोमीटर भरते. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ साली झालेल्या सुमारे सव्वापंचवीस किलोमीटरच्या कामाचा होता.

या घटनेचे एक अंग वृत्तपत्री कौतुकात सहसा येत नाही. रस्ता खराब असतो तेव्हा तोच वेगाला आवर घालतो. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा सैल सांधा किंवा असमतोल चाक खड्ड्यांच्या धक्क्यांत लपून जाते. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ऐंशी-नव्वदने धावू लागली की लपलेला दोष प्रकट होतो. मालकाला वाटते की गाडी अलीकडेच बिघडली. वास्तविक बिघाड जुनाच असतो. नवा असतो तो वेग.

हे छोट्या गाडीच्या बाबतीत अधिक खरे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली व जानेवारी २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८०० वजनाने अवघी साडेसहाशे किलोच्या आसपास होती. २००० साली आलेली आल्टो पहिल्या रूपात थोडीच जड होती. दोन्हींची चाके बारा इंची. अशा हलक्या गाडीला शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या हवेचा झोतही जाणवतो.

२. वेगाने नेमके काय बदलते

दोन गोष्टी बदलतात. पहिली काळाची. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर जाते. ताशी ९० ने २५ मीटर. गाडीचा रोख एका अंशाने चुकला तर पहिल्या वेगात एका सेकंदात ती सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाते, दुसऱ्या वेगात सुमारे ४४. चूक तेवढीच, पण परिणाम अडीचपट आणि सुधारण्यास अवधी तोच.

दुसरी गोष्ट बलाची. फिरणाऱ्या चाकाच्या असमतोलाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारा इंची चाकाच्या कडेवर केवळ ३० ग्रॅम वजन एका बाजूस जास्त असेल, तर ताशी ४० च्या वेगात त्याचा हिसका पाऊण-एक किलोच्या भाराइतका असतो. ताशी ८० ला तो सव्वातीन किलोच्या आसपास जातो आणि सेकंदाला तेरा-चौदा वेळा बसतो. हात थरथरतात ते यामुळे.

३. ‘गाडी हलते’ या वाक्याचे पृथक्करण

गॅरेजात सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार ‘गाडी हलते’ ही होय. बैलबंडीच्या गतीला हे क्रियापद पुरे होते. बंडीच्या आखात खेळ असला, चाक थोडे डुगडुगले, तरी बैलाच्या चालीत त्याने फारसे बिघडत नसे. मोटारीच्या वेगाला मात्र हा एक शब्द अपुरा पडतो, कारण त्याच्या पोटात निदान पाच भिन्न लक्षणे दडलेली आहेत. सुदैवाने मराठीत त्यांच्यासाठी स्वतंत्र शब्द आहेत. ‘थरथर’ म्हणजे बारीक व जलद कंप. ‘डोलणे’ म्हणजे मोठे व सावकाश आंदोलन. आपले अनुकरणवाचक शब्द कंपाची जलदी व व्याप्ती यांत भेद करतात, आणि मिस्त्रीला पहिली गोष्ट हवी असते तीच.

(अ) ओढणे. वऱ्हाडी उच्चारात ‘गाडी वढते’. सरळ रस्त्यावर सुकाणू सैल धरताच गाडी सतत एकाच बाजूला जाते. प्रथम रस्ता तपासावा, कारण पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आणि डावीकडे किंचित ओढ असणे हा गाडीचा दोष नव्हे. त्यानंतर दोन्ही पुढच्या चाकांची हवा सारखी करावी. ओढ राहिलीच तर पुढच्या डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल करावी. मात्र टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दर्शविलेली असेल तर ही अदलाबदल करू नये. ओढ दुसऱ्या बाजूस गेली तर दोष टायरचा. होती तिकडेच राहिली तर चाकाच्या कलाचा अथवा अडकून राहणाऱ्या ब्रेकचा. केवळ ब्रेक दाबतानाच ओढत असेल तर ब्रेकच पाहावा.

(आ) थरथरणे. हे ठराविक वेगमर्यादेत, बहुधा ताशी ७० ते ९० या टप्प्यात, उद्भवते व त्यापुढे कधीकधी कमीही होते. थरथर सुकाणूत असेल तर पुढची चाके, बैठकीत असेल तर मागची, असा सामान्य ठोकताळा आहे. कारणे तीन: बॅलन्सिंग बिघडणे, रिम वाकणे, टायरला फुगा येणे. वऱ्हाडात चौथेही कारण संभवते. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गेलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूस काळी चिकणमाती बसते व वाळून घट्ट होते. ती मूठभर माती वर सांगितलेल्या ३० ग्रॅमांहून कितीतरी जड असते. तेव्हा यंत्रावर चाक चढविण्यापूर्वी ते आतून धुवावे.

(इ) भरकटणे. येथे ओढ एका बाजूस नसते. गाडी कधी इकडे, कधी तिकडे जाते आणि चालकाला सुकाणू सारखे सावरावे लागते. कारणे: टाय रॉडच्या टोकातील किंवा रॅकमधील खेळ, झिजलेले बुश, पुढच्या चाकांचे तोंड बाहेरच्या बाजूस फाकलेले असणे, कमी हवा. पारख अशी: पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून सुकाणू बोटभर डावी-उजवीकडे हलवावे आणि चाक केव्हा हलू लागते ते दुसऱ्याने पाहावे. मग गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम आधार देऊन, चाक हाताने हलवावे. घड्याळातील नऊ व तीन यांच्या जागी धरून खेळ आढळला तर संशय टाय रॉडवर. बारा व सहा यांच्या जागी आढळला तर बेअरिंगवर किंवा बॉल जॉइंटवर. टायरच्या पृष्ठावरून आडवा तळहात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने खरखरीत लागले तर चाकांचा रोख चुकलेला आहे.

(ई) डोलणे किंवा तरंगणे. उंचवटा ओलांडल्यावर गाडी एकदा दबून स्थिर व्हावी. ती दोन-तीन वेळा वरखाली होत राहिली तर दोष शॉकॲब्सॉर्बरचा. ‘शॉकअप’ हे त्याचे गॅरेजातील रूप आता मराठीच मानावयास हरकत नाही. वऱ्हाडातील कपाशीची काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. तिच्यावरील रस्त्यांना कालांतराने लाटांसारखा चढउतार येतो. अशा लाटांवर निकामी शॉकअप असलेले चाक क्षणभर जमिनीवरची पकड सोडते, आणि नेमके त्याच वेळी वळण आले तर सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसणे ही त्याची ठळक खूण.

(उ) मागचा भाग झोकणे. वळणावर किंवा मार्गिका बदलताना गाडीचे बूड बाहेर फेकले जाते. पाचांत हे लक्षण सर्वांत धोक्याचे, कारण सामान्य चालकाला ते सावरता येत नाही. मागच्या टायरांत कमी हवा, त्यांची झीज, डिकीतील वा टपावरील बोजा, मागच्या आसाचे सैल बुश ही कारणे. नवे टायर दोनच घ्यावयाचे असतील तर ते मागे घालावेत असा टायर बनविणाऱ्यांचा सल्ला आहे. इंजिन व सुकाणू पुढे म्हणून चांगले टायर पुढे, ही समजूत सर्वत्र आढळते. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते व वेग कमी करून आवरते, मागची सुटली तर गाडी गरकन फिरते.

४. पुढच्या-मागच्या हवेचा भेद

गाडीच्या चारही टायरांत हवा सारखीच असावी, असा पुष्कळांचा समज आहे. तो सर्व गाड्यांना लागू नाही. अमेरिकेतील शेव्हरले कॉर्व्हेअर या मागे इंजिन असलेल्या गाडीला पहिल्या काही वर्षांत पुढे १५ व मागे २६ पौंड हवा सांगितलेली होती. हा फरक न पाळल्यास गाडीची वळणावरील वागणूक बिघडे. राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गाडीवर स्वतंत्र प्रकरण लिहून प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे १९७२ मध्ये सरकारी चौकशीत ती समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष निघाला. तथापि वाहनाची सुरक्षितता मालकाच्या हवेच्या नळीवर कितपत सोपवावी, हा मुद्दा शिल्लक राहिलाच.

आपल्याकडील उदाहरण टाटा नॅनोचे. २००९ पासून विक्रीस आलेल्या या गाडीचे इंजिन मागे, आणि पुढचे टायर १३५, तर मागचे १५५ मिलिमीटर रुंदीचे. हा भेद मुद्दाम राखलेला होता. जुनी नॅनो घेणाऱ्याने चारही टायर एकाच मापाचे बसविलेले आढळल्यास सावध व्हावे.

हवेचा योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो व तो थंड टायरचा असतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एका पौंडाने वाढतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. दुपारी धावून आलेल्या गाडीचा दाब चार-पाच पौंड जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर पहाटे तोच टायर कमी हवेचा ठरतो. उन्हाने रबरही कडक होते. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष चार अंकांत असते. ‘३२१८’ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. जुन्या, कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी खोल असते, पण रबर मेलेले असते. तेथे खोली न पाहता वय पाहावे.

५. निदानाची रीत

वर्णनात्मक भाषाशास्त्रात एखाद्या भाषेतील ध्वनींचा भेद ठरविताना आपण लघुतम युग्म घेतो. ‘पाट’ व ‘पाठ’ या शब्दांत बाकी सारे समान ठेवून एकच घटक बदलतो. अर्थ बदलला तर तो भेद सार्थ. गाडीच्या निदानालाही हेच तत्त्व लागू पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढ्याच भारासह पुन्हा पाहावे. हवा, टायर व अलाइनमेंट ही तिन्ही एकाच दिवशी बदलली आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता हे कोणालाच कळत नाही. तो परत आला की सारा खर्च पुन्हा.

क्रमालाही कारण आहे. प्रथम हवा, मग टायरचे वय व आकार, मग बॅलन्सिंग, त्यानंतर सांधे व बुश, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. आज व्यवहारात बहुधा उलटे घडते. ‘अलाइनमेंट’ हा शब्द प्रत्येक तक्रारीचे उत्तर होऊन बसला आहे. पण सांध्यात खेळ असताना यंत्रावर जुळविलेला कोन गाडी रस्त्यावर येताच सुटतो. मोजमाप कागदावर बरोबर आणि चाल चुकीची, अशी स्थिती त्यातून उत्पन्न होते.

जुनी गाडी घेताना आणखी एक पारख अवश्य करावी. गाडी पाण्यातून काढून कोरड्या रस्त्यावर सरळ न्यावी व ओले माग पाहावेत. मागच्या चाकांचे माग पुढच्यांच्या मानाने दोन्ही बाजूंस सारखे नसतील, तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आहे. पूर्वीच्या अपघातात तिचा सांगाडा किंवा मागचा आस वाकला असण्याचा दाट संभव असतो. असली गाडी स्वस्त मिळाली तरी महाग पडते.

६. समारोप

तात्पर्य, मिस्त्रीकडे जाताना मालकाने चार गोष्टी नक्की शब्दांत सांगाव्यात: लक्षण कोणते (ओढ, थरथर, भरकट, डोल की झोक), ते कोणत्या वेगाला येते, कोठे जाणवते (सुकाणूत, बैठकीत की बुडाशी), आणि केव्हा येते (सरळ जाताना, ब्रेक दाबताना की वळणावर). ‘वळण’ला कोणी ‘वयन’ म्हटले तरी निदानात काही उणे येत नाही; ळकाराच्या जागी यकार हे वऱ्हाडीचे सर्वज्ञात लक्षणच आहे. उणे येते ते ‘थरथरते’ व ‘भरकटते’ यांच्या जागी सरसकट ‘हलते’ म्हटल्याने. बोलीत हे भेद आधीपासून आहेत. ते गॅरेजच्या दारापर्यंत नेले, तर चुकीच्या दुरुस्तीचा खर्च वाचेलच; पण बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघालेल्या एखाद्या कुटुंबाची गाडी, वाटेत सुकाणू हातातून न जाता, घरी पोहोचेल.