उमरीत उमरीकर नाहीत

मराठ्यांना जुन्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्यासाठी २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत आजोबांचा भाव वाढला. ज्या आजोबांना हयातीत सोसायटीच्या गटसचिवानं बसा म्हटलं नसेल, त्यांच्या नावासाठी नातवंडं तहसीलच्या पायऱ्या झिजवू लागली. खासरा पत्रकं निघाली, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं झटकली गेली. उर्दू आणि मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना बऱ्याच वर्षांनी कुणी तरी सन्मानानं चहा पाजला. ही शोधमोहीम खरं तर सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हाच सुरू झालेली. निर्णयानंतर तिला नुसता पूर आला.

या कागदांत जे सापडतं त्याचा मासला असा: रामा वल्द गोविंदा, कौम कुणबी, साकिन अमुक. नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं गाव. आडनावाचा रकानाच नाही. आज ज्या आडनावापायी माणसं एकमेकांच्या दुकानात पाय ठेवायला तयार नाहीत, ते आडनाव निजामाच्या कारकुनाला टिपून ठेवण्याइतकंही महत्त्वाचं वाटलं नव्हतं. त्यामुळे गावात त्या काळी तीन रामा आणि दोन गोविंदा असतील, तर त्यातला आपला कोणता, हे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या समितीनं ठरवायचं. कुळाच्या नात्यावरून ठरवायचं म्हणतात. म्हणजे फिरून आडनावच.

कूळ पूर्वी नव्हतं असं नाही. सोयरीक जुळवताना निघायचं, देवक विचारताना निघायचं आणि मग पुढच्या लग्नापर्यंत ट्रंकेत जायचं. रोजच्या वापरात माणूस बापाच्या नावानं, वाड्याच्या नावानं, धंद्याच्या नावानं नाही तर एखाद्या खोडीच्या नावानं ओळखला जाई. ज्यांची आडनावं कागदावर आधीपासून होती ते देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, जहागीरदार. ही आडनावं नव्हती, नेमणुका होत्या. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या, जहागीरदार तेवढे राहिले. हा वतनदारीचा इतिहास मला कधी रुचला नाही आणि तो रंगवून सांगणारे तर त्याहून नाहीत. तो वगळतो.

बाकीच्या मराठवाड्याला आडनाव दिलं ते शाळामास्तरांनी. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, गावोगाव शाळा निघाल्या, आणि पोरगं नाव घालायला आलं की गुरुजी दोन गोष्टी मनानं लिहीत. एक म्हणजे जन्मतारीख, १ जून. दुसरं आडनाव. बाप शेतात, आजी म्हणे ‘लिहा की गुरुजी काय बी’. गुरुजींनी लिहिलं. थोरल्याचं नाव घालणाऱ्या गुरुजींची बदली झाली असेल तर धाकट्याला दुसरं आडनाव मिळे. सख्ख्या भावांची दोन आडनावं असलेली घरं आमच्या भागात अजून आहेत, आणि आता जातपडताळणीच्या वेळी त्यांना प्रतिज्ञापत्रांवर प्रतिज्ञापत्रं करावी लागतात. १ जूनच्या जन्मतारखेवर आपण सगळे हसतो. तिच्या शेजारच्या रकान्यासाठी मात्र जीव द्यायला निघतो, आणि दोन्ही रकाने एकाच टाकानं भरलेले.

गुरुजींना काहीच सुचलं नाही तर गावाला ‘कर’ जोडत. पण तेही बाहेरून आलेल्याला. ‘कर’ची हीच गंमत आहे. उमरीत जन्मून उमरीतच राहणाऱ्याला उमरीकर कोण म्हणेल? सगळेच उमरीचे. गाव सोडून जो नांदेडला, परभणीला, हैदराबादला गेला, तो तिथे उमरीकर झाला. आमचं घर उमरीत ज्या आडनावानं ओळखलं जातं ते पलीकडच्या एका खेड्याचं आहे, कारण आजोबा तिथून उठून स्टेशनाजवळ मुनीमकीला आले. त्या खेड्यात आमच्या आडनावाचं एकही घर नाही. आडनाव हा आपण कुठून निघून गेलो याचा पुरावा. इंग्लंडातही हेच झालेलं दिसतं. वॉशिंग्टन हे मुळात उत्तर इंग्लंडातलं एक गाव. तिथून निघालेल्या घराण्याचं ते आडनाव झालं आणि पुढे अमेरिकेच्या राजधानीचं. आमच्या उमरीला तेवढं नशीब नाही. शिवाय उमऱ्याही फार. अकोल्याला उमरी आहे, बीडकडे आहे, वाशीमला पोहरादेवीच्या शेजारी बंजारा समाजाची उमरी आहे. जिथे उंबर तिथे उमरी. तेव्हा पुण्यात एखादे उमरीकर भेटले म्हणून लगेच गळ्यात पडू नये. आधी कोणती उमरी ते विचारावं.

आमच्या शेजारपाजारचे मोठे लोक असेच गावाच्या नावाचे. नरहर कुरुंदकर वसमतजवळच्या कुरुंद्याचे आणि त्यांना हैदराबादेत घडवणारे मामा डॉ. नांदापूरकर नांदापूरचे, मामा-भाचे दोन खेड्यांना मराठी साहित्यात घेऊन गेले. स्वामी रामानंद तीर्थ पूर्वाश्रमीचे खेडगीकर. ३० जानेवारी १९४८ ला, तिकडे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी उमरीची बँक लुटली. त्यांत आबासाहेब लहानकर होते, साहेबराव बारडकर होते. लहान आणि बारड ही दोन्ही गावं उमरीपासून फार लांब नाहीत. निजामाच्या पोलिसांना पत्ता आडनावातच लिहून मिळत होता, तरी ते सापडले नाहीत, याचं मला लहानपणी फार कौतुक वाटे. आणि आमच्या गोरठ्याला ज्यांचं संस्थान आहे ते दासगणू महाराज? ते सहस्रबुद्धे. तरुणपणी नगर जिल्ह्यात पोलिसात होते. गोरठ्याच्या वाटेवर कुणाला ‘सहस्रबुद्ध्यांचा मठ कुठंय’ विचारून पाहा.

‘वार’वाल्यांचं निराळं. धर्माबादकडे किंवा गोदावरी ओलांडून बिलोली, कुंडलवाडीकडे गेलं की गादेवार, उत्तरवार, येरावार सुरू होतात. तेलुगू ‘वारु’ मराठीत येऊन ‘वार’ झाला, तोच पुढे यवतमाळ-चंद्रपूरपर्यंत पसरला. पलीकडे निजामाबादेत घराचं नाव आधी येतं आणि बहुधा एका अक्षरात आटोपतं. अलीकडे आलं की ते शेवटी जातं आणि त्याला हे आदराचं शेपूट फुटतं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शीख घरांत गाडीवाले आहेत, पुजारी आहेत. तांड्यांवर राठोड, चव्हाण, पवार, जाधव. हीच नावं गावातल्या मराठ्यांतही आहेत, तेव्हा आडनावावरून जात ओळखणाऱ्यांची इथे पंचाईत होते. होऊ दे.

आता ऐंशीचं दशक. मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

बारावी होऊन मी नांदेडला शिकायला गेलो तेव्हा उमरीहून मीटरगेजची गाडी होती आणि नांदेडात खोली मिळवणं हा पदवीइतकाच अवघड विषय होता. घरमालक दारात उभे राहत, आत बोलावत नसत. पहिला प्रश्न, ‘कोण्या गावचं म्हनलाव?’ दुसरा, ‘आडनाव?’ आमचं आडनाव खेड्याचं, त्यावरून काहीच कळत नसे. मग तिसरा प्रश्न येई, ‘म्हणजे कोण?’ त्या तिसऱ्या प्रश्नाचा मला अजून राग आहे. तो विचारणारी वाईट माणसं नव्हती म्हणे. दिवाळीला फराळ देत. पण प्रश्न विचारत.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आठवडाभरात आमच्या जिल्ह्यात दलितांवर जे हल्ले झाले ते सगळ्यांना माहीत आहे. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. सुगावात जनार्दन मवाडे. मी तेव्हा शाळकरी होतो. त्यानंतर जे दशक आलं ते नांदेड-लातुरात आडनावांचं दशक होतं. वर्गात हजेरी चालू असताना प्राध्यापकाच्या तोंडून आडनाव आलं की मागच्या बाकावरची मुलं माना वळवून बघत. ज्या नावावरून हे सगळं पेटलं ते आंबेडकर हे आडनावही आंबडवे या गावावरून आलेलं, आमच्यासारखंच गावाचं. त्याला विरोध करायला रस्त्यावर उतरलेल्यांतही ‘कर’वाले भरपूर. याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आम्ही चौघं एका खोलीत होतो. त्यातल्या एकानं वडिलांचं आडनाव बाजूला ठेवून गावाला ‘कर’ लावला होता. मालकांना तो फार आवडे, कारण तो सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवी. एके दिवशी त्याचे वडील ज्वारीचं पीठ घेऊन आले. मालकांनी वाकून नमस्कार केला. वडिलांनी मोकळ्या मनानं हात जोडले, ‘जयभीम मालक.’ पुढच्या आठवड्यात मालकांकडे पाहुणे येणार ठरलं आणि खोलीत एक जागा कमी पडली. एकच. कोणाची, ते सांगायला नको. पुढे मित्राला सरकारी नोकरी लागली, तेव्हा त्यानं रीतसर राजपत्रात जाहिरात देऊन वडिलांचं आडनाव परत घेतलं. लोक राजपत्रात आडनाव बदलायला जात, हा उलट्या पावली गेला. आज ‘गॅझेट, गॅझेट’ ऐकलं की मला तेच राजपत्र आठवतं.

त्याच दशकात दुसरं टोकही वाढत होतं. एकीकडे माणसं आडनाव झाकत होती, दुसरीकडे एक आडनाव पुरेना म्हणून दोन लावत होती. १९८५ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर दिल्लीत मंत्री. मग आमच्याकडे खतगावकर, कुंटूरकर, गोरठेकर, चिखलीकर. पाटील आणि देशमुख इतके झाले की नुसत्या नावानं मतदाराला कोण ते कळेना, म्हणून गाव जोडायचं. सोय म्हणून ठीक. पण गाव सोडून गेलेल्या माणसाची खूण असलेला ‘कर’ आता गाव ताब्यात असलेल्या माणसाची खूण झाला. बिचारे साधे ‘कर’ त्यामुळे ओशाळले. माझ्या ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षकांना बसमध्ये कुणी तरी कंडक्टरच्या देखत विचारलं, ‘तुम्ही नुसतेच कर? पाटील नाही?’ ते कर राहिले, बसमध्ये उभेही राहिले. त्याच सुमारास आमच्यातल्या काही पुरोगाम्यांनी आडनाव टाकून दिलं, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. चांगली गोष्ट होती. फक्त त्यातल्या बऱ्याच जणांनी मुलीच्या लग्नपत्रिकेवर ते पुन्हा छापलं, आणि मुलाच्या तर ठळक अक्षरांत. आडनाव टाकण्याच्या त्यांच्या सभांना मी होतो. भाषणं लक्षात आहेत.

१९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी विद्यापीठाच्या नामांतरासाठी नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ आलं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं, म्हणजे एका अशा माणसाच्या, ज्यानं संन्यास घेताना आडनाव सोडलं होतं. हे नाव कुणाला खुपलं नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं मला फारशी आठवत नाहीत. उमरी १९९९ मध्ये तालुका झाली, मीटरगेज उखडून ब्रॉडगेज आली, मुलं पुण्याला गेली आणि तिथे उमरीकर झाली. कंपनीत त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात याचं मला बरं वाटायचं.

आता तीच मुलं दिवाळीला येतात ती मागच्या काचेवर आडनाव चिकटवलेल्या गाडीतून. मोबाईलवर आडनावाचे गट आहेत, त्यांची स्नेहसंमेलनं आहेत, आडनावाचा शूर पूर्वज शोधून त्याची जयंती आहे. २०२४ च्या लोकसभेनंतर मराठवाड्याच्या काही भागांत दुकानदाराचं आडनाव पाहून खरेदी करा असे निरोप फिरले. आमच्या घरमालकांनी निदान दारात उभं राहून तोंडावर विचारलं होतं.

सरकारकडूनही काही हालचाल झाली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. आई आली, उत्तम. आडनाव एक घर मागे सरकलं इतकंच. २०२५ मध्ये बीडच्या पोलिस अधीक्षकांनी तर टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकली, एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारा म्हणाले. मला ते मनापासून आवडलं. नांदेडात, लातुरात, सगळीकडे व्हावं. फक्त बदल्यांच्या याद्या अजून पूर्ण नावांनी निघतात, आणि आमच्याकडे यादी हातात आली की माणसं ओळ शेवटच्या शब्दापासून वाचायला लागतात.