मायनर जीवशास्त्राचे, हिशेब तासांचा

बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत आता घरोघरी एक नवा प्रश्न ऐकू येतो : मेजर ठरले, मायनर कोणते घ्यायचे? संख्याशास्त्र, संगणकशास्त्र किंवा रसायनशास्त्र मुख्य विषय असलेली अनेक मुले जीवशास्त्राकडे वळतात. औषधनिर्मिती, जनुकांच्या माहितीचे विश्लेषण, सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांत दोन्ही बाजू जाणणारी माणसे लागतात. मात्र मायनर निवडताना विषयाच्या नावापेक्षा त्यात मिळणाऱ्या तासांकडे पाहायला हवे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक असून त्यांपैकी २४ मायनरचे आहेत. चार वर्षांच्या पदवीसाठी हेच आकडे १६० आणि ३२ आहेत. विद्यापीठागणिक यात फरक असू शकतो, म्हणून आपल्या महाविद्यालयाचा आराखडा हाती घेऊनच पुढचा हिशेब करावा.

एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रयोगशाळेतले ३० तास. समजा, २४ पैकी १६ श्रेयांक व्याख्यानांचे आणि ८ प्रात्यक्षिकांचे आहेत. मग दोन्हींचे तास प्रत्येकी २४० होतात. म्हणजे निम्मा वेळ प्रयोगशाळेत! प्रात्यक्षिके नसतील, तर हा अर्धा भाग गळतो.

त्याने बिघडते काय? कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून, काचपट्टीवर दाबून विभाजन होत असलेली पेशी शोधायला बसले की पहिल्या काही पट्ट्या वायाच जातात. नमुना कसा बिघडतो, हे तिथेच कळते. पुढे संगणकावर जनुकांची आकडेवारी तपासताना हीच समज उपयोगी पडते. आकडा विचित्र दिसला, तर तो रोगामुळे आहे की खराब नमुन्यामुळे, हा प्रश्न अशा विद्यार्थ्याला लवकर सुचतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. पेशी, जैवरसायन, आनुवंशिकी, परिसंस्था ही पायरीपायरीने चढायची शिडी आहे. दर सत्रात मिळेल तो सुटा विषय घेतला, तर श्रेयांक भरतात, पण पाया कच्चा राहतो.

याचा परिणाम पदवीनंतरही होतो. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर किंवा मायनर, यांपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशाचा मार्ग खुला होऊ शकतो. दार उघडले तरी आत टिकायला तयारी लागतेच.

म्हणून प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात चार प्रश्न विचारा. मायनर नेमके कशाचे : वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र की सूक्ष्मजीवशास्त्र? बारावीला जीवशास्त्र असण्याची अट आहे का? प्रात्यक्षिकांचे श्रेयांक किती? आणि मेजरच्या तासांशी वेळापत्रक जुळते का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वेळ जुळली नाही की आधी बुडते ते प्रात्यक्षिकच.