साती आसरा कुणाला ओढत नाहीत

विहिरीत कुणी बुडालं की नगरकडच्या गावांत अजूनही कानावर येतं, ‘नवस फेडायचा राहिला होता, आसरांनी ओढलं.’ आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवता. संताप येतो, कारण पुढची चौकशी तिथंच थांबते. कठडा होता का, पायऱ्यांवर शेवाळ होतं का, पोहता येत होतं का, कुणी विचारत नाही.

कधी खरं कारण विहिरीतल्या हवेत असतं. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यात बायोगॅसची शेणमळी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्यासाठी एकामागून एक माणसं उतरली आणि पाच जण गेले. शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. खोल खड्ड्यात ते साचले की प्राणवायू उरत नाही. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही. अशा विहिरीत उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा.

बरं, आसरा म्हणजे बुडून मेलेल्या बायकांची भुतं, हे तरी कुठून आलं? या वेदांतल्या अप्सरा. शतपथ ब्राह्मणात उर्वशी आणि तिच्या सख्या पाणपक्षी होऊन तळ्यात पोहतात. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात द्यूत जिंकून दे म्हणून अप्सरेला आळवलं आहे. म्हणजे त्यांच्याकडे मागणं मागायची रीतही तितकीच जुनी. आसरांची जी नावं सांगतात त्यांत मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, मकरी आहेत: मासा, कासव, खेकडा, मगर. यात मेलेली बाई कुठे आहे? नदीकाठी किंवा विहिरीवर शेंदूर लावलेले सात तांदळे म्हणजे अनघड दगड, कुठे जवळच भाऊ म्हणून म्हसोबा. बायका हिरव्या बांगड्या, खण, दहीभात ठेवतात आणि मूलबाळ मागतात. पाऊस हुलकावणी देणाऱ्या मुलखानं पाण्याकडेच पदर पसरला, यात मला भीतीपेक्षा माया जास्त दिसते.

आसरा आणि सप्तमातृका एकच, असंही सांगतात. सप्तमातृका म्हणजे ब्राह्मी, वैष्णवी, चामुंडा वगैरे. त्यांचा पाण्याशी असा संबंध नाही.

‘पाणी लागायला बळी द्यावा लागतो’ हे तर निव्वळ क्रौर्य. पाण्याच्या किंवा गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद.