लॅपटॉप सुरू होत नाही? आधी फाइल्स काढा
मागच्या महिन्यात ताईचा लॅपटॉप लोगोवरच अडकला. आत अख्खा थिसिस, सबमिशन चार दिवसांवर. दुकानवाला म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." मी म्हटलं, ताई, थांब! विंडोज बिघडलं तरी फाइल्स बहुतेक वेळा डिस्कवर तशाच असतात. माझ्या कॉम्प्युटरवरून १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू टाकलं (रिकामाच घ्या, आतलं सगळं पुसलं जातं), लॅपटॉप त्यावरून बूट केला आणि 'ट्राय उबुंटू' निवडलं. 'इन्स्टॉल' नाही हं! थिसिस दिसला, लगेच दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केला. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघा. हार्डडिस्क टकटक वाजत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.