मालदीवची रूम स्वस्तात मिळाली, पण तिथे पोहोचायचं कसं? शेअर्ड ट्रान्सफर बुक करण्याआधी हे वाचा



मालदीवची ट्रिप ठरली की बहुतेक जण आधी रूमचे फोटो बघतात, मग विमानाचं तिकीट काढतात आणि विमानतळावरून रिसॉर्टपर्यंत जायचं कसं, हे सगळ्यात शेवटी बघतात. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी ट्रान्सफर, मग विमान आणि मग रूम. बुकिंग सिस्टीमचा बॅकएंड लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे 'शेअर्ड ट्रान्सफर' हे बटण दाबल्यावर मागे काय घडतं, हे आज सोप्या भाषेत सांगतो. ते एकदा कळलं की पैसे कुठे वाचतात आणि कुठे जातात, हे तुम्हाला आपोआप दिसेल.

मालदीवमध्ये ट्रान्सफर इतका महत्त्वाचा का?

गोव्यात विमानतळावरून हॉटेलला जायला टॅक्सी मिळते. एक नाही मिळाली तर दुसरी. मालदीवमध्ये तसं नाही. हा देश सुमारे १२०० छोट्या बेटांचा आहे आणि तिथे साधारण 'एक बेट, एक रिसॉर्ट' अशी पद्धत आहे. तुमचं विमान उतरतं ते वेलाना आंतरराष्ट्रीय विमानतळावर. हा विमानतळ हुलहुले बेटावर आहे. २०१८ मध्ये पूल झाल्यामुळे राजधानी माले आणि हुलहुमाले इथे गाडीने जाता येतं. त्यापलीकडे सगळं पाणी. तुमचं रिसॉर्ट दुसऱ्या बेटावर असेल तर ॲप उघडून गाडी बोलावली, असं होत नाही.

म्हणजे बोट किंवा सीप्लेन हाच रस्ता. आणि त्यातली जागा आधी ठरवावी लागते.

'शेअर्ड' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडची शेअर रिक्षा डोळ्यांसमोर आणा. रिक्षा तुमच्यासाठी नाही, तुम्ही एका सीटचे पैसे देता. शेअर्ड ट्रान्सफर तसंच आहे, फक्त सीट भरल्यावर सुटण्याऐवजी ते वेळापत्रकावर चालतं.

सिस्टीमच्या बाजूने बघितलं तर ती तुमच्याकडून चार गोष्टी घेते: तारीख, विमान नंबर, माणसं आणि सामान. मग जवळपास एकाच वेळी उतरणाऱ्या लोकांचा एक गट करते आणि तो गट एका फेरीला जोडते. समजा दोन विमानं १ वाजता आणि १:४० ला उतरतात आणि बोट २:३० ची आहे. पहिल्या विमानातले लोक दीड तास थांबणार, दुसऱ्यातले पन्नास मिनिटं. दोघांनी भाडं सारखंच भरलेलं असतं.

म्हणून 'प्रवास ४० मिनिटं' असं लिहिलेलं दिसलं तर लक्षात ठेवा, ही फक्त पाण्यावरची ४० मिनिटं आहेत. इमिग्रेशन, सामान आणि बोटीची वाट हे त्यात धरलेलं नसतं.

पर्याय किती आणि कुणासाठी कोणता?

१. शेअर्ड स्पीडबोट. विमानतळाजवळच्या बेटांसाठी. माफुशीसारख्या स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस घेतलं तर साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येतं आणि माणशी भाडं साधारण २०-३० डॉलरच्या आसपास असतं. रिसॉर्टची स्वतःची शेअर्ड बोट मात्र बरीच महाग असते, येऊन-जाऊन माणशी १०० ते २०० डॉलर सहज.

२. सीप्लेन. लांबच्या बेटांसाठी. ट्विन ऑटर नावाचं छोटं विमान, साधारण पंधरा प्रवासी, थेट पाण्यावर उतरतं. हेसुद्धा शेअर्डच असतं, म्हणजे वाटेत दुसऱ्या रिसॉर्टवर थांबा असू शकतो. भाडं येऊन-जाऊन माणशी ४०० ते ६०० डॉलरच्या घरात. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. त्यामुळे तुमचं आंतरराष्ट्रीय विमान साधारण दुपारी साडेतीनच्या आत उतरायला हवं. सामानाची मर्यादा साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो. जास्तीच्या किलोचे वेगळे पैसे.

३. देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. बा अटॉलमधलं धरवंधू किंवा अगदी दक्षिणेचं गान अशा छोट्या विमानतळांपर्यंत विमान आणि तिथून बोट. अंधार पडल्यावरही ही विमानं चालतात, त्यामुळे संध्याकाळी उतरणाऱ्यांना काही रिसॉर्ट हाच पर्याय देतात.

४. सरकारी फेरी. एमटीसीसी या सरकारी कंपनीची फेरी सगळ्यात स्वस्त. पण ती स्थानिक वस्तीच्या बेटांना जाते, रिसॉर्टला नाही. शिवाय शुक्रवारी तिथे सुट्टी असते आणि बहुतेक साध्या फेऱ्या बंद असतात. शुक्रवारी उतरत असाल तर या पर्यायावर अवलंबून राहू नका.

बोट की सीप्लेन, हे घरबसल्या ओळखण्याची एक युक्ती आहे. गुगल मॅप्समध्ये वेलाना विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडेल. खाली 'मेजर डिस्टन्स' हा पर्याय येतो. तो निवडून नकाशा रिसॉर्टपर्यंत सरकवा. सरळ रेषेत अंतर ५०-६० किलोमीटरच्या आत असेल तर बहुधा बोट, त्यापेक्षा बरंच जास्त असेल तर बहुधा सीप्लेन. नक्की काय ते रिसॉर्टच्या स्वतःच्या साइटवर बघा.

यादीत दिसते ती किंमत पूर्ण नसते

माझ्या मावसभावाचं लग्न झालं आणि त्याने मला दोन लिंक पाठवल्या. "दादा, पहिलं स्वस्त आहे ना? घेऊन टाकू?" दोघांसाठी चार रात्री. आकडे गोल करून सांगतो:

- पहिलं रिसॉर्ट: रूम २२० डॉलर रात्रीला, म्हणजे ८८० डॉलर. सीप्लेन ४८० गुणिले दोन, म्हणजे ९६०. एकूण १८४०.
- दुसरं रिसॉर्ट: रूम ३०० डॉलर रात्रीला, म्हणजे १२०० डॉलर. स्पीडबोट १६० गुणिले दोन, म्हणजे ३२०. एकूण १५२०.

यादीत जे रात्रीला ८० डॉलरने स्वस्त दिसत होतं, ते शेवटी ३२० डॉलरने महाग पडत होतं. त्यातून तो बघत असलेलं विमान संध्याकाळी पाच वाजता मालेला उतरणारं. म्हणजे सीप्लेन नाही, पहिली रात्र हुलहुमालेत वेगळ्या हॉटेलात आणि रिसॉर्टच्या रूमचे २२० डॉलर तरीही भरायचेच. दोन पगारांतून साठवलेले पैसे होते, म्हणून मी त्याला शेवटच्या पानापर्यंत जाऊन दोन्ही बेरजा कागदावर मांडायला लावल्या. त्याने दुसरं घेतलं.

असं का होतं? कारण ॲपमध्ये यादी 'रूमच्या दरा'वर लागते. ट्रान्सफर हा डेटाबेसमध्ये वेगळा रकाना असतो, आणि तोही 'माणशी'. रूम 'खोलीमागे', ट्रान्सफर 'माणसामागे', दोन वेगळी एककं. दोघांची बेरीज करून यादी लावणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण कमी आकडा दाखवला की लोक क्लिक करतात. बंधनकारक खर्च शेवटी शेवटी उघड करण्याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ज्या १३ प्रकारांना मनाई केली आहे, त्यात हा एक आहे. भारतात सेवा देणाऱ्या साइटने असं केलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

अजून एक हिशोब. सहा-सात मित्र एकत्र जात असाल तर शेअर्ड सीटची बेरीज करून खासगी बोटीचा दरही विचारा. खासगी बोटीचं भाडं सहसा बोटीमागे असतं, माणशी नाही. कधी कधी दोन्हींत फारसा फरक उरत नाही आणि वाट बघणं वाचतं.

विमान नंबर नीट भरा

फॉर्ममधला 'फ्लाइट नंबर' हा रकाना निव्वळ औपचारिकता नाही. तुमचं विमान लेट आहे का, हे ऑपरेटर त्या नंबरवरून बघतो. मुंबईहून कोलंबोमार्गे जात असाल तर कोलंबो ते माले या शेवटच्या विमानाचा नंबर द्या. मुंबईचा नंबर दिला तर सिस्टीमच्या दृष्टीने तुम्ही मालेला येतच नाही. भागीदार कंपनीमार्फत तिकीट काढलं असेल तर 'ऑपरेटेड बाय' समोरचा नंबर बघा, तिकिटावर कधी दोन नंबर असतात.

आणि बुकिंगची स्थिती वाचा. 'रिक्वेस्ट मिळाली' म्हणजे 'कन्फर्म' नव्हे. छोट्या ऑपरेटरकडे माणूस हाताने बघून होकार देतो. होकाराचा ईमेल किंवा व्हॉट्सॲप मेसेज आला तरच सीट तुमची. सीप्लेनच्या बाबतीत सीट पक्की असली तरी परतीची नेमकी वेळ बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी कळते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घड्याळाची गंमत, जी महागात पडू शकते

मालदीवची वेळ भारताच्या अर्धा तास मागे आहे. आपल्याकडे ११ वाजले की मालेत साडेदहा. पण काही रिसॉर्ट उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. तुमचा फोन नेटवर्कवरून मालेची वेळ घेतो, रूममधलं घड्याळ रिसॉर्टची.

आता उदाहरण बघा. परतीची बोट 'रिसॉर्टच्या वेळेनुसार ११' ला आहे. तुम्ही पुण्यात बसून कॅलेंडरमध्ये ११ चा रिमाइंडर लावला. कॅलेंडर तो भारतीय वेळेसकट साठवतं. मालेच्या वेळेनुसार तो वाजणार साडेदहाला, आणि बोट मालेच्या वेळेनुसार १० लाच निघालेली असणार. अर्धा तास उशीर.

उपाय सोपा आहे. गुगल कॅलेंडरमध्ये इव्हेंट बनवताना टाइम झोन निवडता येतो, तो मालदीवचा निवडा. आणि चेक-इन करताना रिसेप्शनवर एकच प्रश्न विचारा: "ही वेळ मालेची की रिसॉर्टची?"

पैसे भरताना

- आरबीआयच्या नियमामुळे नवीन कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा ठरवा आणि काम झालं की पुन्हा बंद करा. अनेक परदेशी साइट ओटीपी न विचारताच पैसे कापतात, म्हणून हे बंद करणं विसरू नका.
- 'रुपयांत भरा' असा पर्याय आला तरी डॉलरच निवडा. रुपयांतला दर बहुतेक वेळा ती साइट किंवा तिची बँक आपला नफा जोडून लावते.
- बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के फॉरेक्स मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो. हे बेरजेत धरा.
- 'एकेरी' की 'येऊन-जाऊन' हे वाचा. ३० आणि ६० मध्ये फसगत इथेच होते.

बुकिंगआधी रिसॉर्टला हे सहा प्रश्न पाठवा

१. आमचं विमान अमुक वेळी उतरतं, त्याला कोणती फेरी मिळेल?
२. विमान लेट झालं तर पुढची फेरी कधी, आणि जास्तीचे पैसे लागतील का?
३. परतीच्या विमानाआधी किती तास निघावं लागेल?
४. भाडं माणशी किती, करांसकट की कर वेगळे?
५. सामान किती किलो चालेल?
६. रद्द केलं तर किती तास आधीपर्यंत पैसे परत?

उत्तर ईमेलवरच मागा. फोनवर सांगितलेलं नंतर दाखवता येत नाही. व्हाउचरची पीडीएफ आणि ऑपरेटरचा नंबर फोनमध्ये ऑफलाइन सेव्ह ठेवा, कारण विमानातून उतरल्या उतरल्या नेट चालेलच असं नाही. बाहेर आल्यावर रिसॉर्टचे नंबर घातलेले काउंटर दिसतील. व्हाउचरवर काउंटर नंबर असेल तर सरळ तिथे जा.

मे ते ऑक्टोबरमध्ये जात असाल तर अजून एक. तेव्हा तिथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ असतो, समुद्र खवळलेला असू शकतो आणि बोटी उशिरा सुटतात. परतीच्या विमानाआधी नेहमीपेक्षा दोन तास जास्त हातात ठेवा आणि बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या.