सिलिंग स्पीकर किती इंची घ्यायचा? छताला भोक पाडण्याआधी हे वाचा

करंजाड्यात फ्लॅटचा ताबा मिळाला की बहुतेकांचं पहिलं काम ठरलेलं असतं: फॉल्स सिलिंग. पनवेलजवळच्या सिडकोच्या या नोडमध्ये नव्या इमारती भरपूर, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या मजल्यावर जिप्सम बोर्ड लागतच असतो. तेवढ्यात कुणीतरी सुचवतं, "लाइट बसवताय तर स्पीकरही बसवून घ्या ना!" दुकानात गेलं की प्रश्न येतो, किती इंची? आणि उत्तरही तयार असतं: "हॉल मोठा आहे, आठ इंची घ्या."

इथे जरा थांबा. टेबलावरचा स्पीकर आवडला नाही तर बदलता येतो. छताचं भोक मात्र मोठं करता येतं, लहान करता येत नाही. म्हणून साइज आधी नीट समजून घेऊ.

इंच म्हणजे नेमकं कशाचं माप?

४, ५.२५, ६.५ आणि ८ इंच ही मापं आतल्या मुख्य ड्रायव्हरची असतात, भोकाची नाहीत. साडेसहा इंची स्पीकरला साधारण ८ इंचांचं भोक लागतं, आठ इंचीला साडेनऊच्या आसपास. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. म्हणून आधी स्पीकर घरी आणा, बॉक्समधला कागदी साचा बोर्डवर ठेवून खूण करा आणि मगच कापा.

मोठा स्पीकर म्हणजे मोठ्या खोलीत आवाज?

सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहे. आवाज किती जागेवर पसरतो, हे मुख्यतः छत आणि तुमचा कान यांतल्या अंतरावर ठरतं. समजा सिलिंग ९ फुटांवर आहे. सोफ्यावर बसल्यावर कान साडेतीन फुटांवर येतो, म्हणजे अंतर साडेपाच फूट. आवाज ९० अंशांच्या कोनात पसरतो असं धरलं, तर कानाच्या पातळीवर ११ फूट व्यासाचं वर्तुळ मिळतं. म्हणजे अंतराच्या दुप्पट. स्वयंपाकघरात आपण उभे असतो, कान ५ फुटांवर, त्यामुळे वर्तुळ फक्त ८ फुटांचं.

मोठ्या ड्रायव्हरने हे वर्तुळ वाढत नाही, उलट मधल्या पट्टीत ते आक्रसतं. आवाजाच्या लहरीची लांबी ड्रायव्हरच्या व्यासाएवढी झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जाऊ लागतो. आठ इंचीत हे साधारण १,७०० हर्ट्झला होतं, चार इंचीत ३,४०० हर्ट्झला. बोलण्याची स्पष्टता याच पट्ट्यात असते. ट्वीटर बरंच सांभाळून घेतो, पण आठ इंचीच्या बरोबर खाली बसलेल्याला एक आणि कोपऱ्यातल्याला दुसरंच ऐकू येण्याची शक्यता जास्त.

म्हणून १६ बाय १० फुटांच्या हॉलमध्ये एक मोठा लावण्यापेक्षा दोन मध्यम लावा. लांबीच्या दिशेने एकमेकांपासून ८ फुटांवर, दोन्ही टोकांच्या भिंतींपासून ४-४ फूट सोडून.

वरती जागा आहे का?

स्लॅबपासून सिलिंग ६ इंच खाली घेतलं, तर बोर्डची जाडी वजा जाता साडेपाच इंच उरतात. साडेसहा इंचीला साधारण ४ इंच खोली लागते, तो आरामात बसतो. आठ इंचीला ५ इंचांपर्यंत लागू शकते, मग वायरलाही जागा उरत नाही. भोकाच्या जागी लोखंडी चॅनल येत नाही ना, हेही कारागिराला आधीच विचारा. स्पीकरचं वजन फक्त बोर्डवर सोडू नका. स्लॅबला हुक मारून सेफ्टी वायर बांधा.

आठ इंचीचा बेस ऐकतं कोण?

आठ इंचीचा खरा फायदा बेस. साडेसहापेक्षा त्याचं क्षेत्रफळ दीडपट असतं, त्यामुळे तो जास्त हवा ढकलतो. पण बहुतेक सिलिंग स्पीकर मागून उघडे असतात. तो बेस मागच्या बाजूनेही तेवढाच निघतो आणि थेट स्लॅबवर आदळतो. तुमचं छत म्हणजे वरच्यांची फरशी! तुम्ही आवाज कमी-जास्त करू शकता, त्यांच्या हातात काहीच नसतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. बेस हवाच असेल तर साडेसहा इंचीसोबत छोटा सबवूफर घ्या. तो रात्री बंद करता येतो.

मग कुठे काय?

- बाथरूम, पॅसेज, छोटं किचन: ४ इंची. रेडिओ आणि भजनांना पुरेसा.
- बेडरूम: ५.२५ किंवा ६.५ इंची.
- हॉल: ६.५ इंचीची जोडी.
- ८ इंची: सिलिंगच्या वर भरपूर जागा, मागे बंद बॉक्स आणि वर कुणी राहत नसेल तरच.

टीव्हीसाठी मात्र फक्त छतावर विसंबू नका. माणूस समोर आणि आवाज डोक्यावरून, हे लगेच खटकतं. समोर साउंडबार किंवा स्पीकर हवाच. डॉल्बी ॲटमॉसमध्येही छताचे स्पीकर समोरच्यांच्या जोडीला असतात, बदल्यात नाही.

घेताना दोन गोष्टी पाहा

दुकानं-हॉटेलांसाठीचे '१०० व्होल्ट लाइन'चे स्पीकर दिसायला अगदी तसेच असतात, पण घरातल्या साध्या ॲम्प्लिफायरवर ते नीट चालत नाहीत. घरासाठी '८ ओहम' लिहिलेला घ्या. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवून कागदी कोनऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा बघा. वरून ओल येत असेल, तर आधी गळती, मग स्पीकर.

काहीच ठरत नसेल तर निदान बोर्ड लावण्याआधी १.५ चौ. मिमी तांब्याची वायर ओढून ठेवा आणि तिच्या जागेचे फोटो काढून ठेवा. स्पीकर पुढच्या दिवाळीलाही घेता येईल, पण बंद झालेल्या सिलिंगमधून वायर ओढायची म्हणजे पुन्हा तोडफोड आली.