विंडोज संगणकावर लिनक्सची वैज्ञानिक सॉफ्टवेअर : अडचण व मार्ग

प्रस्तावना :
महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील संगणकांवर बहुधा विंडोज ही कार्यप्रणाली असते. संशोधनासाठी लागणारी अनेक सॉफ्टवेअर मात्र लिनक्स गृहीत धरून लिहिलेली असतात. याचे कारण उघड आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे, आणि मोठी गणिते ज्या यंत्रांवर सोडवावयाची, त्या यंत्रांसाठीच सॉफ्टवेअर घडविले जाते. परिणामी विनामूल्य उपलब्ध असलेले साधनही पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही.

अडचणीचे स्वरूप :
पदार्थांच्या इलेक्ट्रॉनिक संरचनेचे गणन करणारे ‘क्वांटम एस्प्रेसो’ हे सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेता येईल. ते मुख्यतः फोरट्रान भाषेत लिहिलेले आहे आणि फोरट्रान विंडोजवरही चालते. मग अडते कोठे? फाइल उघडणे, स्मृती मिळविणे, नवी प्रक्रिया सुरू करणे यांसाठी प्रत्येक प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, मागणी करतो. या मागण्यांची भाषा दोन्हीकडे भिन्न आहे. लिनक्समध्ये चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढण्याची ‘फोर्क’ ही सोय आहे. विंडोजमध्ये तिला सरळ पर्याय नाही. नोटपॅडमध्ये ओळीच्या शेवटी सामान्यतः दोन अदृश्य चिन्हे पडतात, लिनक्सला एकच अपेक्षित असते. बाब क्षुल्लक वाटते. परंतु तेवढ्याने आज्ञांची फाइल बंद पडते, आणि दोष डोळ्यांना दिसत नसल्याने शोधण्यात अर्धा दिवस जातो.

उपलब्ध मार्ग :
१९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘सिग्विन’ने लिनक्सच्या धर्तीवरील मागण्यांचे विंडोजच्या मागण्यांत रूपांतर करणारा थर पुरविला. मात्र सॉफ्टवेअर त्यासाठी नव्याने संकलित करावे लागते आणि फोर्कची नक्कल संथ असते. आभासी यंत्रात संपूर्ण लिनक्स चालते, पण संगणकाची स्मृती दोघांत वाटली जाते. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज सबसिस्टीम फॉर लिनक्स’ आणले. त्याची पहिली आवृत्तीही मागण्यांचे रूपांतरच करीत होती. २०२० मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत हलक्या आभासी यंत्रात खरे लिनक्स कर्नेल चालते. विभागाच्या दृष्टीने आज हाच मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो. उबुंटू बसविल्यावर क्वांटम एस्प्रेसो तिच्या भांडारातून तयार स्वरूपात एका आज्ञेने मिळते. संकलनाची कटकट राहत नाही. त्यासाठी प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू असावी लागते व प्रशासकाचे अधिकार लागतात. (अनेक प्रयोगशाळांत खरी अडचण या दुसऱ्या अटीपाशीच येते.)

वापरातील दक्षता :
या दुसऱ्या आवृत्तीत कामाची फाइल कोठे आहे याला फार महत्त्व आहे. लिनक्समधून सी ड्राइव्हवर लिहिता येते, परंतु प्रत्येक वाचन-लेखन दोन प्रणालींची सीमा ओलांडून होत असल्याने ते बरेच मंद होते. क्वांटम एस्प्रेसो तरंगफलनांच्या मोठ्या तात्पुरत्या फाइली डिस्कवर लिहिते. म्हणून कामाचे फोल्डर लिनक्सच्या स्वतःच्या फाइलप्रणालीतच ठेवावे. स्मृतीचेही तसेच आहे. मूळ मांडणीत लिनक्सला एकूण स्मृतीच्या निम्मी मिळते, म्हणजे ८ जीबीच्या संगणकावर ४ जीबी. सिलिकॉनच्या दोन अणूंच्या एकक कोशिकेला ती पुरेशी आहे; शेकडो अणूंच्या पृष्ठभागाच्या प्रतिकृतीला नाही. मर्यादा बदलता येते, पण ती वाढविली की विंडोजच्या वाट्याची स्मृती घटते.

मार्गदर्शकांना सहसा पडणारा प्रश्न निराळाच असतो : अशा रीतीने मिळालेले उत्तर प्रबंधात ग्राह्य धरावे काय? एकच इनपुट फाइल शुद्ध लिनक्स संगणकावर चालवून एकूण ऊर्जेची तुलना केल्यास शंका फिटते. गणिती लायब्ररी व समांतर बेरजेचा क्रम यांमुळे शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो. फरक आधीच्या अंकांत दिसल्यास कार्यप्रणालीला दोष देण्यापूर्वी सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि स्यूडोपोटेन्शियलची फाइल तपासावी. आवृत्तीचा क्रमांक आउटपुटच्या आरंभीच छापलेला असतो. तो प्रबंधात नोंदविणे विद्यार्थ्यांना सक्तीचे करावे.